'20 कोंबड्यांचं' लोखंडी खुराडं: 8 महिने वापरल्यावरचा अनुभव (5 पैकी 3 स्टार)

फेब्रुवारीत घेतलं होतं, आता ऑक्टोबर चालू आहे, उन्हाळा पावसाळा दोन्ही त्यात काढले म्हणून आत्ता लिहितेय. आम्ही नाशिकच्या मखमलाबादला राहतो, घरामागे जागा आहे, सासूबाईंच्या वेळेपासून डालग्याखाली चार-पाच गावरान कोंबड्या असायच्याच. या वेळी 14 तलंगा (अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या) आणल्या आणि सातपूरकडच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून तयार खुराडं घेतलं. 4 बाय 3 फूट, वर पत्रा, खाली जाळी, 8,500 रुपये. "वीस कोंबड्या आरामात बसतात मॅडम" म्हणाला.

आधी चांगलं ते सांगते. अँगल जाड आहे, वेल्डिंग पक्कं आहे, दाराची कडी कोंबडीच काय बोक्यालाही उघडत नाही. आमच्याकडे मुंगूस फिरतं, आठ महिन्यांत एकही कोंबडी गेली नाही, हे खूप मोठं आहे. बाजूला वेल्डमेश, म्हणजे वेल्डिंग केलेली चौकोनी जाळी आहे, ती षटकोनी कोंबडीजाळी नाही, षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते पण दात-नखं असलेल्याला बाहेर ठेवत नाही. घेताना हे नक्की बघा.

आता वीसचा हिशोब. 4 गुणिले 3 म्हणजे 12 चौरस फूट, वीसने भागलं तर एका कोंबडीला साधारण 557 चौरस सेंटीमीटर येतात, वहीच्या ए-फोर कागदापेक्षाही कमी. केंद्राच्या 2023 च्या नियमात पिंजऱ्यात ठेवलेल्या अंड्याच्या कोंबडीसाठी किमान जागा 550 आहे. म्हणजे परसातलं खुराडं म्हणून आपण पैसे मोजतो आणि कोंबडीला जागा मिळते ती पिंजऱ्यातल्या फार्मएवढीच. युरोपात तर साधे पिंजरे 2012 पासून बंदच आहेत.

मी 14 च ठेवल्या होत्या तरी तिसऱ्या आठवड्यात एकमेकींची पिसं उपटायला लागल्या. एकीच्या शेपटीवर रुपयाएवढी जागा उघडी पडली, लाल, आणि लाल दिसलं की बाकीच्या तिथेच चोच मारतात. शेजारच्या काकांनी चोची कापायला सांगितलं, मी नाही कापल्या, चोचीच्या टोकाला नसा असतात, दुखतं त्यांना, आणि मूळ कारण तसंच राहतं. कोंबडीला दिवसभर उकरायचं टोचायचं असतं, उकरायला काही नसलं की ती बहिणीची पिसं टोचते. या खुराड्यात पायाखाली नुसती जाळी, उकरणार काय?

जाळीच्या तळाचा फायदा म्हणून सांगतात की घाण खाली पडते. पडते खरी. पण आमची कबरी एप्रिलमध्ये लंगडायला लागली, उचलून बघितलं तर तळपायाला कडक गाठ. डॉक्टरांनी साफ करून पट्टी बांधली आणि आधी तळ बदला म्हणाले. त्याच कबरीला मी एका दुपारी उघड्या जाळीवर आडवी होऊन पंख फडफडवताना पाहिलं, पायाने ओढतेय, अंगावर घेतेय, आणि खाली माती काहीच नाही. मातीत लोळणं ही कोंबडीची अंघोळ आहे, पिसांतलं जुनं तेल आणि उवा त्याने जातात, बहुतेक दुपारीच करतात. मला ते बघवलं नाही, त्याच दिवशी जुन्या घमेल्यात माती, वाळू, थोडी राख घालून ठेवली. पाच मिनिटांत त्यात तिघी.

मग एकेक करून सगळं आतलं बदललं. जाळीवर प्लाय टाकून वर घोटीच्या भातगिरणीचं तूस चार इंच, त्यात रोज मूठभर कणी उधळते म्हणजे शोधत बसतात. बसायला गोल लोखंडी पाइप दिला होता, गुळगुळीत, त्यावर पंजे धरत नाहीत आणि तोही बरोब्बर पाण्याच्या भांड्यावर, रात्रभरची विष्ठा सगळी पाण्यात. तो काढून दोन इंची लाकडी पट्टी लावली, कडा घासून. अंड्यांसाठी उघडा ट्रे होता त्यात एकही बसेना, घालायच्या आधी नुसती येरझारा आणि केविलवाणं ओरडणं, शेवटी कुठेतरी कोपऱ्यात घालायच्या आणि अंडी तुटायची. कोंबडीला आडोसा आणि अंधार लागतो. द्राक्षाचं जुनं क्रेट, आत पेंढा, पुढे गोणपाटाचा पडदा, काम झालं.

पत्रा एप्रिलमध्ये असा तापला की सगळ्या चोच उघडी टाकून, पंख अंगापासून लांब करून धापा टाकत होत्या, कोंबडीला घाम येत नाही. ओलं गोणपाट टाकून दिवस काढले. पावसाळ्यात बाजूने झड येऊन तूस भिजलं, वास आपल्याला उभ्याने कळत नाही, कोंबडीच्या उंचीला वाकून घ्या, डोळे चुरचुरले की तूस बदला.

अजून एक. डिलिव्हरीवाल्या मुलाने कोंबडी पायाला धरून उलटी टांगून दाखवली, "बघा कशी गप्प बसते". ती गप्प भीतीने असते. कोंबडीला आपल्यासारखा छातीखालचा पडदा नसतो, उलटं धरलं की पोटातलं सगळं श्वासाच्या पिशव्यांवर येतं. मी अंधार पडल्यावर पकडते, तेव्हा त्या शांत असतात, दोन्ही हातांनी पंख मिटून छातीखालून आधार देऊन. आता कबरी स्वतःहून मांडीवर येते.

सात कोंबड्या भावाकडे गिरणाऱ्याला दिल्या, सात ठेवल्या, दिवसा मोकळ्या असतात. शेपटीवरची उघडी जागा दीड-दोन महिन्यांत पिसांनी भरली, तुटकी अंडी बंद झाली. दुकानदाराला फोन करून सगळं सांगितलं, त्याने शांतपणे ऐकलं पण पाटीवर अजून वीसच आहे. सांगाडा चांगला आहे म्हणून तीन स्टार. घेणार असाल तर सात-आठ कोंबड्यांसाठीच घ्या आणि ऑर्डर देतानाच पाइपऐवजी लाकडी पट्टी, जाळीऐवजी प्लाय मागा, तो करून देतो, मला नंतर विचारल्यावर 600 रुपये जास्तीचे सांगितले होते.