घड्याळाआधी पावले पाहणारी ड्राफ्ट पुस्तिका

अमेरिकी फुटबॉलच्या एनएफएल या लीगमधील संघ ज्यात महाविद्यालयीन खेळाडूंची पाळीपाळीने निवड करतात तो ड्राफ्ट एप्रिलच्या अखेरीस होतो आणि त्याची पहिली फेरी पुण्यात शुक्रवारी पहाटे साडेपाचला सुरू होते. हिंजवडी-बाणेरच्या कचेऱ्यांतून अमेरिकी सहकाऱ्यांच्या नादाने फँटसी लीगमध्ये शिरलेल्या आमच्यासारख्यांचे त्याआधीचे दोन महिने कोणत्या नवख्या खेळाडूवर भरवसा ठेवावा याच्या खलात जातात. त्या काळात विकायला येणाऱ्या मार्गदर्शिकांपैकी एक, केवळ वाइड रिसीव्हरना, म्हणजे पुढे धावत जाऊन फेकलेला चेंडू झेलणाऱ्या खेळाडूंना, वाहिलेली पीडीएफ पुस्तिका मी यंदा घेतली, अप्पा बळवंत चौकात छापून स्पायरल बांधून घेतली आणि पेन्सिलीने खुणा करत वाचली. पुढे तिच्या उणिवाही नोंदवायच्या असल्याने नाव देत नाही. अशा कोणत्याही पुस्तिकेत काय पाहून पैसे मोजावेत, एवढे यातून कळले तरी पुरे.

चाळीस यार्डांच्या धावेचा आकडा ही पुस्तिका प्रत्येक खेळाडूच्या पानावर सर्वांत शेवटी देते, आणि मला पहिल्यांदा आवडली ती हीच गोष्ट. २०१७ मध्ये जॉन रॉसने ही धाव ४.२२ सेकंदांत पूर्ण करून तेव्हाचा विक्रम केला आणि सिनसिनाटीने त्याला नवव्या क्रमांकावर उचलले. परंतु एका हंगामात हजार यार्ड ही मजल त्याला कधीच गाठता आली नाही. त्याच ड्राफ्टमध्ये ४.६२ सेकंद घेणारा कूपर कप तिसऱ्या फेरीपर्यंत, ६९व्या क्रमांकापर्यंत थांबला, आणि २०२१ मध्ये त्याने १४५ झेल, १,९४७ यार्ड आणि १६ टचडाउन (अंतिम रेषेपार झेल) करून तिन्ही बाबतींत लीगमध्ये पहिला क्रमांक पटकावला. अर्थात वेग निरुपयोगी आहे असे लेखक म्हणत नाही. वेगाच्या धाकाने बचावपटू मागे सरकतो आणि त्याच्यापुढे मोकळी जागा तयार होते, ती जागा वापरण्याइतके पाय रिसीव्हरकडे आहेत का, हा लेखकाचा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर ज्या प्रकरणात मिळते ते पुस्तिकेतील सर्वोत्तम प्रकरण होय. व्यावसायिक खेळात रिसीव्हरला अडवणारा बचावपटू, म्हणजे कॉर्नरबॅक, पुष्कळदा अगदी समोर उभा राहतो आणि पहिल्या पाच यार्डांत त्याला रिसीव्हरला हात लावून रोखण्याची मुभा असते. महाविद्यालयीन सामन्यांत मात्र अनेक रिसीव्हरना समोर सहा-सात यार्ड मोकळे मैदान मिळते, त्यामुळे ही अडचण त्यांच्या वाट्याला क्वचितच आलेली असते. पुस्तिकेने यासाठी एकाच खेळीची छायाचित्रे ओळीने लावली आहेत. रिसीव्हर पहिले पाऊल बाहेर टाकतो, खांदाही त्याच बाजूला झुकवतो, बचावपटूची कंबर तिकडे वळते, आणि त्याच क्षणी रिसीव्हर त्याच्या मनगटावर फटका मारून आतल्या बाजूने निसटतो. कबड्डीतला चढाईपटू पायाने हूल देतो तीच ही जात आहे. पुढच्या पानावर थांबण्याचे तंत्र आहे: दहा-बारा यार्ड धावून मागे वळताना जो रिसीव्हर कंबर खाली घेऊन दोन-तीन पावलांत थांबतो तो सुटतो, आणि जो थांबण्याआधी ताठ होतो तो आपला बेत बचावपटूला आधीच सांगून बसतो. २०१२ मध्ये एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडियात पुणे मराठाज नावाचा संघ खेळला खरा, पण म्हणून आपल्याकडे हे पदलालित्य मैदानाच्या कडेला उभे राहून पाहण्याची सोय झालेली नाही. त्यामुळे या छायाचित्रांचे मोल आपल्याला अधिक आहे.

झेलांविषयीचे विवेचनही विचार करायला लावणारे आहे. बचावपटू अंगाला चिकटलेला असताना घेतलेला झेल डोळ्यांना सुखावतो. परंतु एखादा रिसीव्हर वारंवार असेच झेल घेत असेल तर त्याला सुटताच येत नाही की काय, अशी शंका घ्यावी, असे लेखकाचे म्हणणे आहे. उदाहरण २०१९ चे आहे. अशा झेलांसाठी नावाजलेला निकील हॅरी ३२वा गेला, आणि त्याच्यानंतर डीबो सॅम्युअल ३६वा, ए. जे. ब्राउन ५१वा, डीके मेटकाफ ६४वा आणि टेरी मॅक्लॉरिन ७६वा निवडला गेला. सुटलेल्या झेलांची मोजदाद मात्र लेखक फारशी मनावर घेत नाही, आणि ते मला पटते: जमार चेसने २०२१ च्या सराव सामन्यांत सोपे चेंडू सोडले तेव्हा केवढी ओरड झाली होती, आणि त्याच हंगामात त्याने १,४५५ यार्ड केले.

येथवर पुस्तिकेशी माझे जमले. पुढे ती प्रत्येकाला दशांश चिन्हासह एकच अंतिम गुण देते आणि तेथे तिचा तोल जातो. धावलेल्या प्रत्येक रूटमागे (आखून दिलेल्या मार्गामागे) किती यार्ड, संघाने चेंडू फेकून मिळवलेल्या एकूण यार्डांत वाटा किती, आणि ही कामगिरी एकोणिसाव्या वर्षी केली की तेविसाव्या, हे तिन्ही निकष उत्तम आहेत; पण चेंडू कोण फेकत होता आणि रिसीव्हर मैदानात कोठे उभा राहत होता, याचे वजन त्या गुणांत कोठेही दिसत नाही. २०२० मध्ये फिलाडेल्फियाने २१व्या क्रमांकावर जेलन रेगरला घेतले आणि मिनेसोटाने पुढच्याच क्रमांकावर जस्टिन जेफरसनला. जेफरसन लुइझियानाच्या महाविद्यालयीन संघात शेवटच्या वर्षी बहुतांश स्लॉटमध्ये, म्हणजे कडेच्या रिसीव्हरच्या आतल्या जागी, खेळला होता. त्यामुळे बाहेरच्या बाजूला त्याचा निभाव लागेल का, ही शंका तेव्हा खरोखरच घेतली जात होती. पहिल्याच हंगामात त्याने १,४०० यार्ड करून ती फोल ठरवली. जेफरसनला सोडून रेगरला घेण्याची ही चूक का झाली याचा उलगडा करण्याऐवजी पुस्तिका दोघांचे गुण शेजारी छापून मोकळी होते. पुका नाकुआच्या बाबतीत तर निराशाच आहे. २०२३ मध्ये पाचव्या फेरीत, १७७व्या क्रमांकावर आलेल्या या मुलाने १०५ झेल आणि १,४८६ यार्ड असे नवोदितांचे दोन्ही विक्रम मोडले, आणि लेखक ‘सर्वांच्या नजरेतून सुटलेला’ एवढे म्हणून पुढे जातो. हंगामाच्या सुरुवातीला त्याच्याच संघातला कूपर कप जखमी होता, चेंडू फेकायला मॅथ्यू स्टॅफर्ड होता आणि प्रशिक्षक शॉन मॅकव्हेच्या आखणीत रिसीव्हरला जागच्या जागी उभे न ठेवता हलवत नेले जाते, या तीन गोष्टींचा विचार न करता त्या कामगिरीची पारख होणार कशी?

छपाई करणाऱ्यांसाठी एक सूचना: आकृत्यांतले मार्ग लाल आणि निळ्या रेषांनी दाखवले आहेत, आणि काळ्या-पांढऱ्या प्रतीत ते सारखेच दिसतात. तेवढी पाने रंगीत काढावीत. खेळींच्या चित्रफितींचे काही दुवे भारतातून उघडत नाहीत, आणि तक्रार करूनही विक्रेत्याकडून उत्तर आलेले नाही. खेळाच्या संज्ञा समजावणारे पानही नाही, तेव्हा स्लॉट म्हणजे काय येथून ज्यांची सुरुवात आहे त्यांनी पैसे वाचवावेत. इतरांनी घ्यायचीच असेल तर मार्चमधली सुधारित आवृत्ती घ्यावी, कारण इंडियानापोलिसच्या कंबाइनमधील, म्हणजे ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांतील, मोजमापे तिच्यातच येतात, आणि शेवटचा गुणांचा रकाना झाकून ती वाचावी.