गॅस की इंडक्शन: भांडी, भाकरी आणि विजेचं बिल

दुकानात बोलणं होतं ते वॅटचं आणि बर्नरच्या संख्येचं. निर्णय मात्र तुमची भांडी, रोजचा स्वयंपाक आणि स्विचबोर्डामागची वायर पाहून घ्यायला हवा.

आधी भांडी. इंडक्शनची काच स्वतःहून तापत नाही. तिच्याखालची तांब्याची कॉइल बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार करते आणि उष्णता थेट भांड्याच्या बुडात निर्माण होते. म्हणून बूड लोखंडाचं किंवा चुंबक चिकटेल अशा स्टीलचं लागतं. फ्रिजवरचा चुंबक घ्या आणि मांडणीतल्या एकेका भांड्याला लावून बघा. ॲल्युमिनियमची पातेली, हिंडालियमची कढई, पितळी टोप आणि मातीची हंडी बाद. ॲल्युमिनियमचा कुकर असेल तर त्याला इंडक्शनचं बूड लावलेलं हवं. गोल बुडाची लोखंडी कढई चुंबकाला चिकटते, पण काचेवर मध्यभागीच टेकते, त्यामुळे नीट तापत नाही. फोडणीचं छोटं कढलं बऱ्याच मशीनला ओळखताच येत नाही. बीप वाजून मशीन बंद पडतं.

मग भाकरी. स्वस्त, सुट्या इंडक्शनची कॉइल तव्यापेक्षा बरीच लहान असते. मोठ्या तव्यावर भाकरी मधे करपते आणि कडा कच्च्या राहतात. पातळ पत्र्याचा तवा एकदम 2000 वॅटवर ठेवला तर मधोमध फुगून वाकडा होतो. जाड बिडाचा, सपाट बुडाचा तवा मध्यम आचेवर चार-पाच मिनिटं तापवला तर काम बरं होतं, पण आचेवर टाकून भाकरी फुगवणं इथे नाही. कापडाने दाबून तव्यावरच फुगवावी लागते. फुलके, पापड, भरताचं वांगं यांनाही ज्योतच हवी. घरात रोज भाकरी होत असेल तर गॅस काढून टाकू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे.

उकळण्याच्या कामात मात्र इंडक्शन पुढे आहे. 2000 वॅटवर एक लिटर पाणी साधारण तीन मिनिटांत उकळतं; गॅसच्या मोठ्या बर्नरला चार-पाच मिनिटं लागतात, शिवाय ओटाही तापतो. मंद आचेचं गणित उलटं. स्वस्त मशीन 300 वॅट दाखवतं, पण प्रत्यक्षात काही सेकंद जोरात चालून काही सेकंद थांबतं. म्हणून दूध अचानक उतू जातं आणि पिठलं तळाला लागतं. घेताना दुकानातच पाणी ठेवून सर्वांत कमी आचेवर बघा: उकळी येते-थांबते असं दिसलं तर ते मशीन घेऊ नका.

खर्चाचा हिशेब घरी करता येतो. 14.2 किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे 180 युनिट इतकी ऊर्जा असते. शेगडीवर त्यातली साधारण 60-65 टक्के भांड्यात जाते, इंडक्शनवर 85 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे एक सिलिंडर बरोबर इंडक्शनची 130 ते 140 युनिट. सिलिंडरच्या किमतीला 135 ने भागा. 900 रुपयांचा सिलिंडर असेल तर उत्तर येतं 6 रुपये 67 पैसे. तुमचं युनिट त्याहून महाग पडत असेल तर गॅस स्वस्त. पाइपचा गॅस असेल तर एक घनमीटर म्हणजे इंडक्शनची सुमारे 7 युनिट धरा.

इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो, कारण ते बिलाची सरासरी घेतात. महावितरणचे दर 100, 300 आणि 500 युनिटच्या टप्प्यांनी चढतात आणि इंडक्शनची युनिट तुमच्या वापराच्या वर जाऊन बसतात. सध्या महिना 90 युनिट जळत असतील तर स्वयंपाकाची जवळजवळ सगळी वीज 101 ते 300 च्या दराने लागेल. तोच दर, वहन आकार (वीज घरापर्यंत पोहोचवण्याचा बिलातला आकार) आणि कर धरून, हिशेबात घ्या. छतावर सोलर असेल आणि त्याची युनिट शिल्लक राहत असतील तर पारडं फिरतं.

वायरिंगकडे दुर्लक्ष करू नका. 2000 वॅट म्हणजे जवळपास 9 अँपिअर. 6 अँपिअरच्या सॉकेटला किंवा एक्स्टेंशन बोर्डाला लावलं तर आधी पिन गरम होते, मग प्लास्टिक वितळतं. 16 अँपिअरचं सॉकेट, किमान 2.5 चौरस मिमीची तांब्याची वायर आणि चांगलं अर्थिंग हवं. घरातला साधा इन्व्हर्टर हा भार पेलत नाही, त्यामुळे वीज गेली की स्वयंपाक थांबतो.

बिघाडही वेगवेगळे. इंडक्शनमध्ये खालच्या पंख्यातून झुरळं आत शिरतात आणि सर्किट शॉर्ट होतं. व्होल्टेज वर-खाली झालं तरी तेच सर्किट जळतं. स्वयंपाक झाल्यावर पंखा थांबेपर्यंत स्विच बंद करू नका. गॅसची ज्योत पिवळी होऊन भांडी काळी पडू लागली तर बर्नरची छिद्रं तुंबलेली असतात; सुई आणि साबणाच्या पाण्याने साफ करा. रबरी नळी पाच वर्षांनी बदला, गळती साबणाच्या फेसाने तपासा, काडी लावून कधीच नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. वास आला तर दिव्याचा स्विच चालू किंवा बंद काहीही करू नका, रेग्युलेटर बंद करून दारं-खिडक्या उघडा आणि 1906 वर फोन करा.

विजेवरच चालणाऱ्या इन्फ्रारेड शेगडीवर कुठलंही सपाट बुडाचं भांडं चालतं, पण तिची काच बंद केल्यावरही बराच वेळ चटका देते. लहान मुलं असतील तर ती नकोच.

चार माणसांच्या घराला दोन बर्नरची शेगडी आणि सोबत एक सुटं इंडक्शन, ही जोडी आम्ही सुचवू: कुकर, चहा, दूध, डाळ-भात इंडक्शनवर, भाकरी आणि फोडणी गॅसवर. भाड्याच्या खोलीत एकटं राहणाऱ्याला नुसतं इंडक्शन पुरतं. पूर्ण विजेवरच जायचं असेल तर ओट्यात बसवायचं, 3500 वॅटचं दोन जागांचं मशीन घ्या, त्याला मीटरच्या बोर्डापासून 4 चौरस मिमीची स्वतंत्र वायर आणि 20 अँपिअरचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) द्या, आणि बिलावरचा मंजूर भार त्याला पुरतो का ते टाइल्स लावण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्या.