कामाच्या वेळात मुलांचे मित्र घरी बोलवावेत का? इंग्लंडमधल्या चाइल्डमाइंडरसाठी पर्यायांची तुलना

घरी दुसऱ्यांची मुलं सांभाळण्याचं काम करणाऱ्या आईला, म्हणजे चाइल्डमाइंडरला, स्वतःचं मूल कधी ना कधी विचारतंच, "आज शाळा सुटल्यावर माझ्या मित्राला घरी आणू?" तेव्हा पटकन वाटतं, त्याचे पैसे तर घेत नाही, मग ऑफस्टेडचा (इंग्लंडमध्ये चाइल्डमाइंडरची नोंदणी आणि तपासणी करणाऱ्या सरकारी संस्थेचा) काय संबंध? संबंध आहे. मुलांची मोजणी पैशावर होत नाही, त्या वेळी मूल कोणाच्या जबाबदारीवर आहे यावर होते. मित्राची आई त्याला तुमच्या दारात सोडून गेली की तोही तुमच्या आकड्यात आला.

आकडा असा आहे: एका चाइल्डमाइंडरकडे एका वेळी ८ वर्षांखालची जास्तीत जास्त ६ मुलं. त्या सहांत ‘लहान’ मुलं तीनच, आणि १ वर्षाखालचं एकच. पाचवा वाढदिवस झाल्यानंतर येणाऱ्या १ सप्टेंबरपर्यंत मूल ‘लहान’ धरतात. म्हणजे ऑक्टोबरात ५ पूर्ण झालेली मुलगी पुढच्या ऑगस्टअखेरपर्यंत लहानच. तुमची स्वतःची ८ वर्षांखालची मुलं या सहांतच येतात, आणि हिशेब चुकतो तो बहुधा इथे.

एखादा गुरुवार घ्या. तुमची ६ वर्षांची मुलगी, दोन वर्षांची दोन मुलं, ११ महिन्यांचं एक बाळ, आणि साडेतीनला शाळेतून येणारी ५ आणि ७ वर्षांची भावंडं, दोघंही पहिलीत किंवा त्यापुढच्या वर्गात. झाली सहा. मुलीची ६ वर्षांची मैत्रीण आली तर सात, आणि सात म्हणजे नोंदणीच्या अटीचा भंग, मग ती तासभरच का येईना. या मर्यादेला काही सवलती आहेत, उदाहरणार्थ स्वतःचं बाळ असेल किंवा जुळी असतील तर तीन लहान आणि एक बाळ या अटी सैल होऊ शकतात. पण त्या सवलती बाळांसाठी आहेत, तुमच्या मुलांच्या मित्रांसाठी नाहीत. आणि सहाचा एकूण आकडा कुठल्याच सवलतीत वाढत नाही.

पर्याय पहिला: मित्र एकटा येतो, तुम्ही कामावर असताना

मुलाला सगळ्यात हवा असतो तो हाच, आणि सगळ्यात जास्त तयारीही यालाच लागते. जागा शिल्लक असेल तरच याचा विचार करावा. ‘आज एक मूल आजारी आहे, म्हणजे जागा आहे’ हे गणित धोक्याचं, कारण दुपारी त्या मुलाची आई "बरं वाटतंय, पाठवते" म्हणाली तर तुम्ही कोणाला परत पाठवणार? त्या जागेचे पैसे तिने भरलेले असतात.

रिसेप्शनच्या वर्गातला, म्हणजे ४-५ वर्षांचा मित्र असेल तर एक गोष्ट उपयोगाची: ३ ते ५ वर्षांचं मूल फक्त शाळेच्या आधी, नंतर किंवा सुट्टीत येत असेल तर तीन लहान मुलं असतानाही ते चालू शकतं. अट एवढीच की सहाच्या आत राहायचं, आणि प्रत्येक मुलाची गरज नीट भागते आहे हे पालकांना आणि तपासनिसाला दाखवता आलं पाहिजे.

जागेचाही हिशेब आहे. २ वर्षांखालच्या मुलाला ३.५ चौरस मीटर, २ वर्षांच्याला २.५, आणि ३ ते ५ वर्षांच्याला २.३ लागतात. स्वयंपाकघर, बाथरूम, येण्याजाण्याची वाट यात धरत नाहीत. वरच्या गुरुवारच्या तीन छोट्यांनाच ८.५ चौरस मीटर मोकळी जागा लागते. साध्या इंग्लिश टेरेस घरातली (एकमेकांना चिकटून ओळीत बांधलेल्या घरांपैकी एकातली) बैठकीची खोली यात बरीचशी संपते. मग दोन सहा वर्षांच्या मुली लेगोचं शहर मांडणार कुठे? जेवणाच्या टेबलावर. टेबल उंच असतं, रांगणाऱ्या बाळाचा हात पोचत नाही, आणि तुकडे खाली पडले तर लगेच दिसतात. खाली एक जुनी चादर अंथरली की उचलायलाही सोपं.

मित्राला शाळेतून तुम्हीच आणणार असाल तर शाळेत त्याच्या आईनेच कळवायला हवं. गाडीने आणणार असाल तर त्याचं कार सीट लागेल. १२ वर्षं पूर्ण होईपर्यंत किंवा उंची १३५ सेंटिमीटर होईपर्यंत, यातलं जे आधी होईल तोवर, सीट सक्तीचं आहे. आणि मागची सीट अडवणारी दोन बाळांची आसनं आधीच बसवलेली असतील तर मधे तिसरं मावतं का, हे आदल्या दिवशी बसवून बघावं. शाळेच्या दारात डबल यलो लाइनवर, म्हणजे गाडी उभी करायला मनाई असलेल्या जागी, थांबून बघू नये.

खाऊची गोष्ट मराठी घरांनी जरा थांबून वाचावी. ब्रिटनमध्ये १४ ॲलर्जीकारक पदार्थांची यादी आहे. त्यात शेंगदाणे आहेत, तीळ आहेत आणि मोहरीही आहे. आपल्या साध्या कांदेपोह्यांत शेंगदाणे आणि फोडणीतली मोहरी, दोन्ही आली. साबुदाण्याच्या खिचडीत कूट, संक्रांतीच्या लाडवात तीळ. बाजारच्या तयार हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, त्यामुळे ‘पोह्यांत गहू नाही’ हे सिलिॲक (गव्हातलं ग्लुटेन न चालण्याचा आजार) असलेल्या मुलाच्या बाबतीत खरं नसतं. सांभाळायला येणाऱ्या मुलांची ॲलर्जी तुमच्या फाइलमध्ये लिहिलेली असते, पाहुण्याची नसते. ती येण्याआधी लेखी विचारावी. द्राक्षं उभी चार तुकडे करून द्यावीत, पाहुणा सात वर्षांचा असला तरी, कारण टेबलावर पडलेलं अख्खं द्राक्ष दोन वर्षांचं मूल उचलणारच. मुलं खाताना ती कायम तुमच्या नजरेसमोर आणि कानाच्या टप्प्यात हवीत, हा नियम आहे. खाऊच्या वेळी "आई, वर येऊन बघ ना आमचं घर" अशी हाक आली तरी जाता येत नाही.

हजेरीत त्याचं नाव, येण्याजाण्याची वेळ, आई-बाबांचा पत्ता आणि तातडीचे दोन फोन नंबर लिहावेत. पडला-लागलं तर इतर मुलांसारखीच अपघाताच्या वहीत नोंद आणि त्याच दिवशी त्याच्या घरी कळवणं. विम्याचा कागदही काढून बघावा. मोफत आलेल्या मुलाला पब्लिक लायबिलिटीचं (दुसऱ्याला इजा झाली तर भरपाई देणाऱ्या विम्याचं) संरक्षण आहे का, हे कंपनीला ई-मेलने विचारावं, म्हणजे उत्तर लेखी मिळतं.

आणि सगळ्यात जास्त घोळ होतो तो न्यायला येण्याच्या वेळेवरून. मित्राची आई ‘पाच-सव्वापाच’ म्हणते आणि पावणेसहाला येते. मधल्या वेळात तुमच्याकडे साडेपाचला येणारं मूल येऊन पोचतं आणि आकडा ओलांडला जातो. म्हणून आकडा बदलतो त्या वेळेच्या अर्धा तास आधीची वेळ सांगावी. निरोप असा पाठवला तर कोणाला वाईट वाटत नाही आणि गोंधळही होत नाही:

"गुरुवारी ३:३० ते ५. मी तेव्हा कामावर असते, माझ्याकडे लहान मुलं असतात आणि मुलांचा आकडा ठरलेला आहे, म्हणून ५ ला कोणीतरी नक्की न्यायला या. ॲलर्जी, औषध, दुसरा फोन नंबर कळवा. गुरुवारी तो माझ्याबरोबर जाणार हे शाळेत तुम्ही सांगा."

मित्र ८ वर्षांचा झाला की

इंग्लंडमध्ये ८ पूर्ण झालेला मित्र सहांच्या मोजणीत येत नाही. आकड्याची अडचण इथे संपते, पण मोठ्या मुलांमुळे लहानांच्या देखभालीत कमी पडता कामा नये, ही अट राहते. मोठ्या मुलांबरोबर होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत: जिन्याचं गेट उघडं राहणं, बाथरूमचं दार सताड, बटण सेल असलेली खेळणी खाली जमिनीवर. बटण सेल बाळाने गिळला तर काही तासांत अन्ननलिका भाजते, तेव्हा अशी खेळणी वरच्या खोलीतच राहतील असं ठरवावं. नऊ-दहा वर्षांच्या मित्राकडे स्वतःचा फोन असतो. तो आल्याबरोबर दाराजवळच्या टोपलीत ठेवायचा, कारण त्याने सहज काढलेल्या व्हिडिओत तुमच्याकडची दुसऱ्यांची मुलं येतात आणि त्यांच्या पालकांची परवानगी तुमच्याकडे नसते.

वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये गणित वेगळं आहे. वेल्समध्ये १२ वर्षांखालची १० पर्यंत मुलं मोजतात, त्यांत ८ खालची सहाच. स्कॉटलंडमध्ये १६ खालची ८, त्यांत १२ खालची ६. म्हणजे वेल्समधल्या कार्डिफच्या बाईकडे ९ वर्षांचा मित्र मोजला जातो, इंग्लंडमधल्या रेडिंगच्या बाईकडे नाही. इंग्लंडमधल्या मैत्रिणीचा सल्ला स्कॉटलंडमधल्या एडिंबरात तसाच चालणार नाही.

पर्याय दुसरा: मित्राबरोबर त्याची आई थांबते

आई स्वतः तिथे थांबून आपल्या मुलाची जबाबदारी घेत असेल तर ते मूल तुमच्या आकड्यात येत नाही. म्हणून हा मार्ग सोपा वाटतो, पण आमच्या मते कामाच्या वेळात हा सगळ्यात गैरसोयीचा. ती आई तुमची पाहुणी असते. तिला चहा हवा, गप्पा हव्यात, आणि तुम्ही डायपर बदलायला वर गेलात की खाली तिच्यासमोर दुसऱ्यांची मुलं उरतात. तिची तपासणी झालेली नसते, त्यामुळे तिला त्या मुलांबरोबर एकटीला सोडता येत नाही. अगदी दोन मिनिटंसुद्धा नाही. प्रत्येक वेळी बाळाला कडेवर घेऊन आणि दोन वर्षांच्यांना हाताला धरून वर जायचं, हे दोन तास जमत नाही. पाहुण्यांच्या वहीत नाव-वेळ आणि फोन बाजूला ठेवणं हेही आलंच. पहिल्यांदा येणारं मूल बुजत असेल तर अर्धा तास हे ठीक आहे, त्यापलीकडे नको.

पर्याय तिसरा: तुमचं मूल मित्राकडे जातं

सोमवार ते शुक्रवार यासाठी हाच सगळ्यात सोयीचा. तुमच्या घरातला आकडा एकाने कमी होतो (ती जागा विकायची मात्र नाही, मूल लवकर परत आलं तर अडचण). मुलालाही, ज्याच्या घरात, खेळण्यांत आणि आईत रोज चार जण वाटेकरी असतात त्याला, दोन तास फक्त मित्राचे मिळतात. याची आम्हाला फार किंमत वाटते. चाइल्डमाइंडरच्या मुलांना घरातली आपली जागा सारखी दुसऱ्यांना द्यावी लागते, आणि ती बहुतेक वेळा तक्रार करत नाहीत.

अडचण परतफेडीची. तीन वेळा तिकडे, एकदाही इकडे नाही, असं झालं की समोरची आई हळूहळू गप्प होते. ती फेड शनिवारी करावी, पैशांत नाही. ८ वर्षांखालची मुलं मोबदला घेऊन दिवसाला दोन तासांहून जास्त सांभाळली तर नोंदणी लागते. २००९ मध्ये बकिंगहॅमशर भागातल्या दोन मैत्रिणी, दोघी पोलिसात, एकमेकींची मुलं आळीपाळीने सांभाळत होत्या. ऑफस्टेडने त्या अदलाबदलीलाच मोबदला ठरवलं. गदारोळ झाला आणि पुढे मैत्रीतल्या बिनपैशांच्या अदलाबदलीला सूट मिळाली. तेव्हा मदतीच्या बदल्यात मदत चालते, पाकीट द्यायला गेलात तर समोरच्या घराला अडचणीत आणाल.

पर्याय चौथा: काम संपल्यावर, किंवा शनिवारी

शेवटचं मूल गेलं की तुम्ही फक्त आई. मोजणी नाही, हजेरी नाही. पण काम सहाला संपतं आणि इथली लहान मुलं साडेसात-आठला झोपतात, म्हणून आठवड्यातला एकच दिवस खरा उपयोगाचा, शुक्रवार. ६ ते ८, पिझ्झा आणि एक सिनेमा. शनिवारी १० ते १ त्याहून बरं, तेव्हा तुम्हीही थकलेल्या नसता.

रात्री राहायला बोलवताना वार बघा. शुक्रवारी रात्री काही प्रश्न नाही. सुट्ट्यांत मात्र बुधवारी रात्री राहिलेला मित्र गुरुवारी सकाळी साडेसातला पहिलं मूल आलं की पुन्हा आकड्यात येतो, आणि त्याच वेळी तो पायजम्यात कॉर्नफ्लेक्स खात असतो.

पर्याय पाचवा: मित्राचीच रीतसर नोंदणी

त्याच मित्राच्या आईला आठवड्यातून दोन दिवस शाळेनंतरची सोय हवीच असेल, तर आढेवेढे न घेता करार करावा. तिला टॅक्स-फ्री चाइल्डकेअर मिळत असेल तर तिने भरलेल्या प्रत्येक ८ पौंडांवर सरकार २ पौंड घालतं. कागद, ॲलर्जी, विमा, वेळ हे सगळे प्रश्न एकदम सुटतात. तोटा एकच, पण मोठा: मुलांचं भांडण झालं तरी गुरुवारी तो येणारच. सहा-सात वर्षांच्या मैत्रीत हे दर महिन्याला घडतं. म्हणून करारात पहिल्या चार आठवड्यांची चाचणी आणि त्यानंतर एक महिन्याची नोटीस ठेवा, आणि करारावर सही करण्याआधी स्वतःच्या मुलाला विचारा.

मग निवडायचं काय?

मूल ८ खालचं आणि तुमच्याकडे जागा भरलेल्या, तर तिसरा आणि चौथा जोडीने: आठवड्यात तिकडे, शनिवारी इकडे. पहिला पर्याय सुट्टीतल्या एखाद्या अशा दिवसासाठी ठेवा जेव्हा चारपेक्षा जास्त मुलं येणार नाहीत हे आठवडाभर आधी लेखी ठरलं आहे, आणि एका वेळी एकच मित्र. मूल ९-१० वर्षांचं असेल तर इंग्लंडमध्ये पहिला पर्याय आठवड्यातून एकदा सहज जमतो, बाळं झोपेत असतील त्या वेळी नाही, खाऊच्या आधीच्या तासात.

यातलं काहीही निवडलंत तरी तुमच्याकडे मुलं ठेवणाऱ्या पालकांना ते आधी माहीत हवं. धोरणाच्या कागदात दोन ओळी पुरतात: माझ्या मुलांचे मित्र कामाच्या वेळात कधीतरी येतील, एका वेळी एकच, ठरलेल्या संख्येच्या आत, आणि तुमच्या मुलाबरोबर ते एकटे कधीच नसतील. संध्याकाळी न्यायला आलेल्या बापाला सोफ्यावर अनोळखी मुलगा दिसण्याआधी हे त्याने वाचलेलं असावं.