डेट मॅनेजमेंट प्लॅन : व्याज उतरलं, तारीख काही जुळेना

एका कार्डावर पुन्हा लेट फी लागली. माझ्या खात्यातून हप्ता ठरल्या दिवशी कापला गेलाय, कर्ज-सल्ला देणाऱ्या संस्थेच्या पोर्टलवर 'वाटप पूर्ण' असं हिरव्या अक्षरांत झळकतंय आणि कार्ड कंपनीच्या स्टेटमेंटमध्ये मात्र 'विलंब शुल्क'. त्या रागातच लिहायला बसलोय, तेव्हा सूर चढा लागला तर समजून घ्या.

प्लॅन म्हणजे संस्थेला दरमहा एकच हप्ता द्यायचा आणि तिने तो सगळ्या धनकोंना (कर्ज देणाऱ्यांना) वाटायचा, हे वाचणाऱ्यांना ठाऊक असेलच. तरी एक गल्लत नेहमी होते म्हणून सांगतो. हे नवं कर्ज नाही आणि सेटलमेंटही नाही. सेटलमेंटवाले बहुतेकदा आधी हप्ते थांबवायला लावतात, खातं पुरतं बिघडू देतात आणि मग रक्कम कमी करण्याची बोलणी करतात. इथे मुद्दल पै न् पै फेडायचं असतं. उतरतं ते व्याज, कधी दंडही माफ होतो, पण समोरचा धनको राजी झाला तरच. तारण ठेवून घेतलेली घराची किंवा गाडीची कर्जं सहसा यात बसत नाहीत. कार्डं, पर्सनल लोन अशी विनातारण देणीच येतात.

सुरुवातीला माझा सगळा राग संस्थेच्या मासिक शुल्कावर होता. कर्ज फेडायला निघालेल्या माणसाकडूनच पैसे घ्यायचे, हा कुठला न्याय? मी चिकट माणूस आहे, असली कपात मला दिसतेच. मग एका रविवारी कागद-पेन्सिल घेऊन हिशोब मांडला. समजा थकबाकी १,००,००० आहे आणि व्याज वर्षाला २४ टक्के. म्हणजे महिन्याला २,००० नुसत्या व्याजाचे. दरमहा २,५०० भरले तर मुद्दलातून जेमतेम ५०० कमी होतात आणि फेडायला ८२ महिने लागतात. तोच दर ८ टक्क्यांवर आला, तर तेवढ्याच हप्त्यात पहिल्याच महिन्यात १,८०० हून जास्त मुद्दल उतरतं आणि कर्ज ४७ महिन्यांत संपतं. एकूण व्याज लाखाच्या वर जायचं ते सतरा हजारांच्या आत येतं. यापुढे शुल्काबद्दल मी बोलणं बंद केलं. मनातून गेलेलं नाही, ते सोडा.

मला खरं आवडलं ते पहिलं बजेट. सल्लागार बाईंनी पोटाला चिमटा काढायला सांगितलं नाही, उलट माझे आकडे वाढवायला लावले. विम्याचा वार्षिक हप्ता, गाडीचं सर्व्हिसिंग, शाळेची फी असे वर्षातून एक-दोनदा येणारे खर्च बाराने भागून दर महिन्याच्या रकान्यात बसवले. ''हे सोडलेत तर प्लॅन ज्या महिन्यात मोडेल तो महिना मी आत्ताच सांगू शकते,'' म्हणाल्या. त्यातून जी रक्कम उरली तोच हप्ता ठरला. ऐपतीपेक्षा मोठा हप्ता ठरवून चार महिन्यांत हात टेकणाऱ्यांची गोष्ट त्यांनी ज्या सहजतेने सांगितली, त्यावरून हे रोजचंच असावं.

आता मूळ दुखणं. तारीख. हप्ता संस्थेकडे महिन्यातून एकदा जातो, ती पुढे सगळ्यांना वाटते. पण प्रत्येक कार्डाची देय तारीख वेगळी. माझ्या एका कार्डाची तारीख संस्थेच्या वाटपाच्या चार दिवस आधी पडते. धनकोचं म्हणणं, पैसे उशिरा आले. संस्थेचं म्हणणं, आम्ही आमच्या दिवशी पाठवले. दोघंही खरं बोलतायत आणि दंड माझ्या बोकांडी. दोन्हीकडच्या हेल्पलाइनवर थांबून थांबून ते संगीत आता मला तोंडपाठ झालंय. हे करार करतानाच विचारायला हवं, असं ठामपणे सांगतो: वाटप कोणत्या दिवशी होतं आणि कुठल्या खात्याची देय तारीख त्याआधी पडते?

(इतकं लिहून ठेवलं होतं, पोस्ट करायचं राहिलं. मधल्या काळात मामला थोडा पुढे सरकलाय.)

देय तारीख बदलून मिळते! कार्ड कंपनीला मीच फोन करून विनंती केली आणि त्यांनी ती वाटपानंतरच्या आठवड्यात नेली. हे दोघांपैकी कोणीही आपणहून सांगितलं नव्हतं. लेट फीही परत आली. शिवाय एक उपयोगी गोष्ट कळली. ठरलेले काही हप्ते सलग वेळेवर गेले, की काही धनको आधीचं थकीत खातं पुन्हा 'नियमित' दाखवतात. म्हणजे उशीर नुसता दंडापुरता नसतो, तो ही साखळी तोडतो. वर हप्ता चुकला तर कमी केलेला व्याजदरही काढून घेता येतो. त्यामुळे तारखेवरचा माझा त्रागा अगदीच वेड्याचा नव्हता, हे घरात सगळ्यांना ऐकवून झालंय.

बाकीचं थोडक्यात. प्लॅनमध्ये घेतलेली कार्डं बंद होतात आणि नवं कर्ज काढायचं नाही अशी अट असते. मला त्याचा त्रास झाला नाही, ज्यांना प्रवासात कार्डावरच भिस्त ठेवायची सवय आहे त्यांना होईल. खाती बंद झाल्यावर क्रेडिट स्कोअर सुरुवातीला खाली येऊ शकतो. धनकोने प्रस्ताव मान्य करेपर्यंत जुन्याच दराने स्टेटमेंट येत राहतं, तेव्हा पहिल्या कागदाने घाबरू नका. पण जुने भरणे परस्पर थांबवूही नका, मंजुरी लेखी हाती येऊ द्या. असे प्लॅन साधारण ३ ते ५ वर्षं चालतात. उत्पन्नच हप्त्याला पुरत नसेल तर यात पडू नका, सल्लागाराशी दुसऱ्या वाटांबद्दल बोला.

माझ्याकडचं सगळ्यात लहान खातं आता संपलंय. त्याचा वाटा बाकीच्यांत सरसकट वाटण्याऐवजी सगळ्यात जास्त व्याजाच्या खात्याकडे वळवा, असं संस्थेला लेखी कळवलंय. तूर्तास पाचपैकी चार तारे. एक तारा हेल्पलाइनच्या संगीतासाठी कापलाय.