स्तंभालेख काढताना : उभा की आडवा, जोड की विभाजित?

एक्सेलच्या मेनूतले आलेखांचे प्रकार बघण्याआधी एक गोष्ट ठरवा : वाचणाऱ्याने कोणते दोन आकडे ताडून पाहायचे आहेत? त्या दोन्ही स्तंभांची सुरुवात एकाच रेषेवरून झाली तरच फरक नजरेला नेमका कळतो. पुढची निवड यावरूनच होते.

२०११ च्या जनगणनेतली जिल्ह्यांची लोकसंख्या घ्या. ठाणे ११०.६ लाख, पुणे ९४.३, मुंबई उपनगर ९३.६, नाशिक ६१.१, सिंधुदुर्ग ८.५. उभे स्तंभ काढले आणि जिल्हे वाढले, की ‘मुंबई उपनगर’ खाली मावत नाही. एक्सेल नाव तिरकं करतं आणि वेलांट्या-जोडाक्षरं मान वाकडी करून वाचावी लागतात. आडव्या आलेखात नावं डावीकडे सरळ बसतात. तेव्हा जिल्हे, पिकं, पक्ष असतील तर आडवा आलेख घ्या आणि आकडे उतरत्या क्रमाने लावा. अकारविल्हे लावून काही हशील नाही. वर्षं किंवा महिने असतील तर उभाच, आणि तिथे क्रमाला हात लावायचा नाही.

आडव्यात एक खोच आहे. एक्सेल तक्त्यातली पहिली ओळ सर्वांत खाली काढतं. अक्षाच्या सेटिंगमध्ये क्रम उलटा केला, की आकड्यांचा अक्ष उडी मारून वर जातो. तो सरळ काढून टाका आणि प्रत्येक स्तंभाच्या टोकाला आकडा लिहा. तसाही तो लागतोच : १ सेंमी = १० लाख या प्रमाणात पुणे आणि मुंबई उपनगर यांच्यातला फरक १ मिमीसुद्धा भरत नाही. स्तंभांमधली मोकळी जागा स्तंभाच्या रुंदीच्या निम्मी ठेवा. मूळ सेटिंगमध्ये ती फारच जास्त असते.

स्त्री-पुरुष साक्षरतेसाठी जोडस्तंभालेख (एका गटातले स्तंभ शेजारी-शेजारी) बरा. महाराष्ट्रात २०११ मध्ये पुरुष ८८.३८ टक्के, स्त्रिया ७५.८७. पण अक्ष शून्यापासूनच हवा. आकडे असे जवळजवळ असले की एक्सेल कधी कधी स्वतःहूनच वरून सुरुवात करतं. अक्ष ७० पासून निघाला तर पुरुषांचा स्तंभ तिपटीहून उंच दिसतो; खरं प्रमाण १.१६ पट आहे. एका गटात तीनपेक्षा जास्त स्तंभ होत असतील तर वेगवेगळे छोटे आलेख काढा.

विभाजित स्तंभालेखात (एकाच स्तंभाचे एकावर एक भाग) एकूण बेरीज दिसते, मात्र अचूक ताडता येतो तो फक्त तळाचा भाग. वरचे भाग अधांतरी राहतात. म्हणून मुद्दा शहरी लोकसंख्येचा असेल तर शहरी भाग तळाला घ्या. भाग दोनच असतील तर शतमान स्तंभालेख (प्रत्येक स्तंभ शंभर टक्क्यांचा) सरस : एक भाग शून्याला टेकतो, दुसरा शंभराला, त्यामुळे दोन्ही ताडता येतात. ठाण्यात ७७ टक्के शहरी, गडचिरोलीत ११, हे त्यात लख्ख दिसतं. पण १ कोटी १० लाखांचं ठाणे आणि पावणेअकरा लाखांची गडचिरोली सारख्याच लांबीची होतात, तेव्हा जिल्ह्याच्या नावाशेजारी एकूण लोकसंख्या लिहा.

रंगांबाबत इतकंच : लाल-हिरव्याऐवजी गडद-फिकट वापरा, म्हणजे झेरॉक्सवरही भाग वेगळे कळतात. आणि खाली तळटीप द्या, की या ठाण्यात २०१४ मध्ये वेगळा झालेला पालघरही धरलेला आहे.