बाबागाडीचे छत वर होते

ब्वेनोस आयरेसच्या आवेनिदा दे मायो या रस्त्यावर, भर दुपारी पावणेतीनच्या सुमारास, दहा महिन्यांची मुलगी बरोबर असताना माझे ६०० अमेरिकी डॉलर, ४३,५०० पेसो, एक क्रेडिट कार्ड आणि मुलीचे लसीकरणाचे पुस्तक चोरीला गेले. कुणी सुरा दाखवला नाही की धक्काबुक्की केली नाही. उलट ज्यांनी लुटले त्यांना मीच तीन वेळा ‘ग्रासियास’, म्हणजे धन्यवाद, म्हणून घेतले, आणि ही गोष्ट मला पैशांपेक्षा अधिक बोचते. दादर स्थानकावर अठरा वर्षे ये-जा करून एकदाही खिसा कापला गेला नाही, याचा मला फार अभिमान होता.

एवढी रोकड घेऊन फिरायचे कशाला, हा प्रश्न एकूण एक नातेवाइकाने विचारून झाला आहे, म्हणून त्याचे उत्तर आधीच देतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये पत्नीचे तिथे सहा आठवड्यांचे काम होते आणि मी रजा घेऊन मुलीला सांभाळायला गेलो होतो. वर्षानुवर्षांच्या महागाईमुळे अर्जेंटिनात पेसोवर कुणाचा भरवसा नसतो. थोड्या दिवसांसाठी घेतलेल्या घराचे भाडे बऱ्याचदा रोख डॉलरमध्ये मागितले जाते, तेही शंभराच्या नव्याकोऱ्या नोटांत, कारण जुन्या किंवा लहान नोटांना भाव कमी मिळतो. भाड्याचा उरलेला हप्ता मला त्याच दिवशी चार वाजता द्यायचा होता. त्या सहा नोटा, म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे ५०,६०० रुपये, मी बाळाच्या पिशवीत लंगोटांच्या खाली ठेवल्या होत्या, कारण तिथे कुणी हात घालणार नाही असे मला वाटले. हात घालण्याची गरजच त्यांना पडली नाही. त्यांनी पिशवीच उचलली.

भुयारी रेल्वेने गेलो असतो तर कदाचित वाचलो असतो. पण तिची ‘ए’ मार्गिका १९१३ सालची आहे, आणि जुन्या स्थानकांत लिफ्ट मिळेलच याची खात्री नसल्याने बाबागाडी घेतलेला एकटा माणूस जिन्याशी अडकून पडतो. म्हणून मी संसदेच्या इमारतीपासून प्लासा दे मायो या चौकाकडे पायीच निघालो. तिथली माणसे लहान मुलांशी खरोखरच प्रेमाने वागतात, हेही सांगायला हवे. दुकानात मूल घेऊन उभे राहिलो की रांगेतले लोक स्वतःहून पुढे जाऊ देत, जिन्यापाशी न मागता कुणी तरी गाडीचा पुढचा भाग धरी. तीन आठवड्यांत मला त्या मदतीची सवय लागली होती, आणि फसवणाऱ्यांनी नेमकी तीच सवय वापरली.

पाठीवर काही तरी गार पडल्यासारखे वाटले. मागून आलेल्या पन्नाशीच्या, नीटनेटक्या बाईंनी आकाशाकडे बोट दाखवून ‘पालोमा, पालोमा’ म्हटले, म्हणजे कबूतर. माझ्या सदऱ्यावर आणि मुलीच्या दुपट्यावर हिरवट-पिवळा पातळ राडा पडला होता. अंगावर घाण टाकायची आणि ती पुसण्याच्या बहाण्याने सामान पळवायचे, ही युक्ती तुम्हाला ठाऊक असेल. मलाही ऐकून ठाऊक होती. तरीही मी फसलो, कारण पुढच्या चौकात कबुतरांचे थवेच्या थवे असतात आणि आमच्या घराजवळच्या रस्त्यावर तिपाच्या झाडांवरून त्या दिवसांत किड्यांमुळे खरोखरच पाणी ठिबकत असे. दोनदा ते अंगावर पडलेही होते. मात्र आवेनिदा दे मायोवर तिपा नाही, तिथे चिनाराच्या कुळातली झाडे आहेत, हे मला रोज दिसत होते.

पण झाडांचे सोडा. बाबागाडीचे छत वर होते! ऊन होते म्हणून ते मीच पुढपर्यंत ओढले होते. आकाशातून पडलेली घाण त्या छतावर पडायला हवी होती, आणि छत स्वच्छ होते. डाग छताखालच्या दुपट्यावर होता. तो मी डोळ्यांनी पाहिला आणि तरीही काही मनात आले नाही. बाईंच्या हातात कागदी रुमालांचे फोडलेले पाकीट आणि पाण्याची बाटली आधीपासून होती, त्या घाणीला मोहरीचा उग्र वास येत होता, यातले एकही कारण थांबून मागे पाहायला पुरेसे होते. पण मुलगी घाण लागलेला हात तोंडात घालू पाहत होती, आणि अशा वेळी बाप हात पुसतो, तर्क करत बसत नाही. हे समर्थन आहे, मला मान्य आहे.

मी मुलीला उचलले. मूल उचलले की दांड्याला अडकवलेल्या जड पिशवीमुळे गाडी मागे कलंडते, हे बाबागाडी ढकलणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. ती कलंडू लागताच एका वयस्कर गृहस्थाने ती सावरली. ‘ग्रासियास.’ मिनिटभराने वळून पाहिले तर गाडी कुणीही धरलेले नसताना सरळ उभी होती. ती सरळ उभी आहे याचाच अर्थ पिशवी गेली, हे मला त्या क्षणी कळले. बाईही नव्हत्या.

कार्ड बंद करेपर्यंत एकोणीस मिनिटे गेली, आणि तेवढ्यात १४,३८० व ९,७४५ रुपयांच्या दोन खरेद्या झाल्या. परदेशातील व्यवहारांची मर्यादा मीच ॲपमधून एक लाख करून ठेवली होती. तुम्ही ती करू नका. रोज लागेल तेवढीच ठेवा.

पोलिसांची कहाणी वेगळीच. पहिल्या ठाण्यावर ‘रस्त्याची ती बाजू आमच्याकडे येत नाही’ असे सांगण्यात आले. दुसऱ्या ठाण्यावर भुकेने रडणारी मुलगी मांडीवर घेऊन दोन तास दहा मिनिटे बसलो. दुधाची पावडरही पिशवीबरोबरच गेली होती. अखेर आलेल्या अधिकाऱ्याने माझे वाक्य पुरे होण्याआधीच ‘मोस्तासा?’ असे विचारले. मोस्तासा म्हणजे मोहरी. प्रकार इतका पाठ आहे, तर त्या रस्त्यावर एक फलक लावायला काय हरकत आहे? कॅमेऱ्याचे चित्रण पाहा म्हटले, तर त्यासाठी सरकारी वकिलाचा आदेश लागतो. पंचनामा नाही, चौकशी नाही, फक्त शिक्का मारलेला कागद. त्या कागदावर ‘रोबो’ऐवजी ‘हुर्तो’ लिहिले होते. पहिला शब्द बळाने केलेल्या चोरीचा आणि दुसरा बळाविना केलेल्या चोरीचा, हा भेद मला तेव्हा माहीत नव्हता. प्रवास विमा कंपनीला तो चांगला माहीत होता. बळाचा वापर नाही, म्हणून पिशवी ‘दुर्लक्षित सामान’ ठरली. आणि रोख रकमेला संरक्षण नाही, हे कलम तर आधीपासूनच बारीक अक्षरांत होते. पिशवी माझ्यापासून हातभर अंतरावर होती. दुर्लक्ष कशाला म्हणतात, हे मी तीन पत्रांत विचारले. तिन्ही उत्तरे शब्दशः सारखी आली. बँकेने ग्राहकाचा निष्काळजीपणा असे कारण दाखवून तक्रार बंद केली.

अंगावर काही पडले तर पुसू नका, थांबू नका, समोरच्या दुकानात शिरा. मळका सदरा कुणाचे काही बिघडवत नाही. गाडीच्या दांड्याला लंगोट आणि दूध यांपलीकडे काहीही अडकवू नका, पैसे अंगावर बाळगा. लसीकरणाच्या पुस्तकाच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र काढून ठेवा. आम्ही काढले नव्हते, आणि आता ठाणे शहरातल्या डॉक्टरांच्या नोंदवहीतून दहा महिन्यांच्या तारखा एकेक करून उतरवून घेतो आहोत. त्यातल्या दोन अजून सापडलेल्या नाहीत.