झोटेरो: डॉक्टरांना लाख मोलाचं, वकिलांना अर्धवट, सायटेशन मोजणाऱ्यांना नुसती सुरुवात

बडोद्यात सर्जरीचा रेसिडेंट असो, एलएलएम करणारी मुलगी असो की लायब्ररी सायन्समध्ये पीएचडीला बसलेला कुणी, थीसिसचे संदर्भ कसे सांभाळायचे असं विचारलं की सगळ्यांना एकच उत्तर मिळतं: झोटेरो टाक. हे संदर्भ गोळा करून ठेवणारं आणि लेखनात आपोआप घालणारं सॉफ्टवेअर. उत्तर चुकीचं नाही. पण तिघांना ते सारखं उपयोगी पडत नाही आणि हे आधी कुणी सांगत नाही. कळतं तेव्हा सबमिशनला आठ दिवस उरलेले असतात. म्हणून इथे झोटेरो तीन वेगवेगळ्या कामांवर तपासलं आहे: रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेवरचा थीसिस, धर्मस्वातंत्र्याच्या कायद्यावरचा प्रबंध आणि सायटेशन ॲनालिसिस, म्हणजे कुणी कुणाला किती वेळा उद्धृत केलं त्याची मोजणी.

आधी पैशांचं. झोटेरो २००६ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास केंद्रातून निघालं. ते फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं. संदर्भांच्या नोंदी कितीही असल्या तरी त्यांचं सिंक फुकट होतं. मर्यादा आहे ती पीडीएफच्या जागेला: ३०० एमबी. दीड एमबीचा एक पेपर धरला तर साधारण दोनशे पेपर बसतात, पण स्कॅन केलेली जुनी निकालपत्रं पंधरा-वीस एमबीची निघाली की पंधरावीसातच जागा संपते. पुढे २ जीबीला वर्षाला २० डॉलर पडतात. विद्यार्थ्याने ते भरू नयेत. सेटिंगमध्ये सिंकखाली फाइलचं सिंक बंद करायचं, नोंदींचं चालू ठेवायचं, आणि आठवड्यातून एकदा झोटेरो पूर्ण बंद करून त्याचं अख्खं डेटा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करायचं.

हे फोल्डर गूगल ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्समध्ये ठेवायचा मोह मात्र टाळा. त्यातल्या डेटाबेसच्या फाइलमध्ये झोटेरो सतत लिहीत असतं आणि ड्राइव्ह ती फाइल अर्धी लिहिलेली असतानाच उचलून वर पाठवतं. दोन कॉम्प्युटरवर काम करणाऱ्याचा डेटाबेस अशाने कधी ना कधी बिघडतोच.

वैद्यकाच्या कामात झोटेरोला तोड नाही. ब्राउजरमध्ये झोटेरोचा कनेक्टर टाकला की पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या डेटाबेसच्या पानावर एका टिचकीत नोंद येते. शोधाच्या यादीवर असाल तर फोल्डरचं चिन्ह दिसतं, हवे ते पेपर टिक करून एकदम घेता येतात. गाइडने छापील यादी हातात दिली असेल तर जादूच्या कांडीचं बटण दाबा आणि पीएमआयडी (पबमेडचा क्रमांक) किंवा डीओआय (पेपरचा कायमचा ओळख-क्रमांक) एकाखाली एक टाका. शिफ्ट-एंटरने पुढची ओळ मिळते, चाळीस आकडे एका दमात जातात. पोटातल्या महाधमनीचा फुगवटा पोट न फाडता मांडीतून आत नेलेल्या ग्राफ्टने (कृत्रिम नळीने) बंद करण्यावरचा पारोडींचा १९९१ चा पेपर ॲनल्स ऑफ व्हॅस्क्युलर सर्जरीत आहे. या विषयाचा जवळजवळ प्रत्येक थीसिस तिथून सुरू होतो, आणि त्याची नोंद लेखक, खंड, पानांसकट बिनचूक येते.

मग वर्डमध्ये झोटेरोच्या टॅबवरून डॉक्युमेंट प्रेफरन्सेस उघडा, व्हॅन्कुव्हर ही वैद्यकातली क्रमांकांची संदर्भशैली निवडा आणि तिथेच जर्नलची नावं मेडलाइनप्रमाणे आखूड करायचा चौकोन टिक करा. तो राहिला तर निम्म्या नोंदींत जर्नलचं पूर्ण नाव आणि निम्म्यांत आखूड अशी खिचडी होते, आणि परीक्षकाच्या नजरेत पहिली तीच भरते.

एक चूक मात्र हमखास होते. ईव्हीएआरच्या, म्हणजे याच ग्राफ्टच्या शस्त्रक्रियेच्या, ब्रिटिश ट्रायलचा लॅन्सेटमधला २००५ चा पेपर व्यक्तींच्या नावाने नाही, लेखकाच्या जागी ‘ईव्हीएआर ट्रायल पार्टिसिपन्ट्स’ असा गट आहे. अशा नोंदीत झोटेरो कधी कधी शेवटचा शब्द आडनाव समजतं, आणि यादीत ‘पार्टिसिपन्ट्स ई टी’ नावाचे कुणी गृहस्थ अवतरतात. लेखकाच्या रकान्याशेजारी एक छोटं बटण आहे, त्याने आडनाव-नाव असे दोन रकाने जोडून एक होतो. गटाचं नाव तिथे सलग लिहायचं. रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेत ट्रायल गट आणि मार्गदर्शक समित्या इतक्या आहेत की यादी छापण्याआधी असे लेखक एकेक करून तपासावेच लागतात.

मागे घेतलेल्या पेपरांबाबत झोटेरो जे करतं, त्यासाठी तर ते प्रत्येक डॉक्टरकडे असायला हवं. २०१९ पासून ते रिट्रॅक्शन वॉचच्या डेटाबेसशी जोडलेलं आहे. संग्रहातला पेपर मागे घेतला गेला की नोंदीवर लाल पट्टी येते आणि वर्डमध्ये तो टाकायला गेलात तर इशारा मिळतो. तरुण व्हॅस्क्युलर सर्जनच्या सोशल मीडियावरच्या वागण्याबद्दलचा जर्नल ऑफ व्हॅस्क्युलर सर्जरीतला पेपर जुलै २०२० मध्ये असाच मागे घेतला गेला. ज्याने तो त्याआधी डाउनलोड करून ठेवला, त्याला त्या पीडीएफवर काहीच दिसणार नाही. झोटेरोत दिसेल.

सायटेशन मोजणाऱ्यांचा गैरसमज सगळ्यात मोठा असतो. झोटेरोत पेपर आहेत म्हणजे त्यांनी कुणाकुणाला उद्धृत केलं तेही आहे, असं धरून ते चालतात. तसं नाही. झोटेरो पेपरची नोंद ठेवतं, त्या पेपरच्या शेवटची संदर्भसूची ठेवत नाही. त्यामुळे संग्रह आरआयएस (संदर्भांची देवाणघेवाण करायचा साचा) फाइल करून व्हीओएसव्ह्यूअर या नकाशे काढणाऱ्या प्रोग्रॅमला दिला तर सहलेखकांचे आणि शब्दांचे नकाशे निघतात, पण कोण कुणाला उद्धृत करतो तो नकाशा निघत नाही, कारण आरआयएसमध्ये ती माहितीच नसते. त्यासाठी स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या सायटेशन डेटाबेसची मूळ फाइल हवी, किंवा फुकटात ओपनअलेक्स. झोटेरोचा उपयोग त्याच्या आधीच्या टप्प्यात: गोळा करणं, गाळणं, डुप्लिकेट काढणं.

आणि डुप्लिकेट काढतानाच खरी गोम आहे. पायाच्या धमन्यांच्या आजारावरचं टास्क-दोन हे एकमतपत्र २००७ मध्ये जर्नल ऑफ व्हॅस्क्युलर सर्जरीच्या पुरवणीत आलं आणि त्याच वर्षी युरोपियन जर्नल ऑफ व्हॅस्क्युलर ॲण्ड एन्डोव्हॅस्क्युलर सर्जरीच्या पुरवणीतही आलं. मजकूर तोच, लेखक तेच, पण खंड आणि पानं वेगळी. २०१९ च्या जागतिक व्हॅस्क्युलर मार्गदर्शक तत्त्वांचंही तसंच. झोटेरोच्या डुप्लिकेट यादीत असे जोड दिसले की हात आपोआप ‘मर्ज’कडे जातो. थीसिससाठी एकच ठेवा, हरकत नाही. पण सायटेशन मोजत असाल तर मर्ज करू नका. उद्धरणं या दोन छापांत विभागली गेलेली असतात, आणि एकच मोजलात तर या विषयातला फार मोठा दस्तऐवज आहे त्यापेक्षा लहान दिसतो. दोन्ही नोंदी ठेवा, ‘रिलेटेड’मध्ये एकमेकींना जोडा आणि बेरीज शेवटी करा. जर्नलांची नावंही जपा: हेच युरोपियन जर्नल १९९५ पूर्वी नुसतं युरोपियन जर्नल ऑफ व्हॅस्क्युलर सर्जरी होतं.

बडोद्याच्या संशोधनावर काम करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. शहराचं सरकारी नाव १९७४ मध्ये वडोदरा झालं, पण विद्यापीठाच्या नावात बरोडा कायम राहिलं. पेपरांवर पत्ता कुठे बरोडा, कुठे वडोदरा, कुठे एमएस युनिव्हर्सिटी, कुठे महाराजा सयाजीराव. शोध चारही नावांनी घ्या. आडनावांचंही तेच: गायकवाड हे एकच आडनाव इंग्रजीत तीन-तीन स्पेलिंगांनी येतं आणि झोटेरो त्यांना तीन वेगळी माणसं मानतं. पटेल आणि शहा यांच्याबाबत उलटं होतं, दहा माणसं एक होऊन बसतात. ऑर्किड क्रमांक (प्रत्येक संशोधकाचा वेगळा ओळख-क्रमांक) मिळाला तर तो ‘एक्स्ट्रा’ रकान्यात लिहून ठेवा. सयाजीरावांनी १९१० मध्ये ग्रंथपाल बॉर्डन यांना अमेरिकेहून आणून ज्या शहरात ग्रंथपालांचे वर्ग सुरू केले, तिथल्या संशोधकांनी नोंदींची एवढी काळजी घ्यायलाच हवी.

आता कायदा. उद्धरणं मोजण्याची कल्पना मुळात वकिलांकडून आली आहे. अमेरिकेत १८७३ पासून शेपर्ड्स सायटेशन्स निघत होतं, कुठला निकाल पुढे कुणी मानला आणि कुणी फिरवला ते त्यात असे. युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये विज्ञानासाठी सायटेशन इंडेक्स सुचवला तो तोच नमुना समोर ठेवून. आणि आज झोटेरो डॉक्टरला लाल पट्टी दाखवतं, वकिलाला काहीच नाही. शबरीमला प्रकरणी २०१८ चा निकाल झाला, १४ नोव्हेंबर २०१९ ला त्यातले प्रश्न मोठ्या पीठाकडे गेले. पण २०१८ च्या निकालाची नोंद झोटेरोत जशी टाकली तशीच राहते. हे काम स्वतः करायचं: ‘फिरवला’, ‘मोठ्या पीठाकडे’, ‘स्थगिती’ असे टॅग करून त्यांना रंग द्या. नऊ टॅगना रंग देता येतो आणि ते एक ते नऊ आकड्यांच्या कळांवर लागतात. दर महिन्याला प्रत्येक महत्त्वाचा निकाल इंडियन कानून किंवा ई-एससीआर या निकालांच्या संकेतस्थळांवर पुन्हा बघायचा.

नोंद टाकतानाही अडचण आहे. निकालपत्राला डीओआय नसतो, म्हणून पीडीएफ नुसती टाकली तर ती नाव-गाव नसलेली पडून राहते. नवी नोंद ‘केस’ प्रकाराची करून रकाने हाताने भरायचे. स्टॅनिस्लॉस विरुद्ध मध्य प्रदेश राज्य हा धर्मप्रसार आणि धर्मांतर यांतली रेषा आखणारा निकाल घ्या. तो (१९७७) १ एससीसी ६७७ आहे आणि एआयआर १९७७ एससी ९०८ सुद्धा; एससीसी आणि एआयआर ही निकाल छापणारी दोन वेगळी प्रकाशनं. झोटेरोत ‘रिपोर्टर’चा रकाना एकच. एससीसी त्यात नीट बसतं: खंड १, पहिलं पान ६७७. एआयआर बसत नाही, कारण तिथे खंडाच्या जागी वर्षच असतं आणि बहुतेक परदेशी स्टाइल ते उलटसुलट छापतात. म्हणून एससीसी रकान्यांत, बाकीची समांतर सायटेशनं ‘एक्स्ट्रा’त. नावं लांबलचक असतात, तेव्हा ‘शॉर्ट टायटल’मध्ये, उदाहरणार्थ शिरूर मठाच्या निकालासाठी, ‘शिरूर मठ’ एवढंच लिहा म्हणजे पुढच्या तळटिपा आखूड येतात.

अधिनियमांचा साचाही अमेरिकन आहे, आणि दुरुस्त्या त्याला कळत नाहीत. गुजरातचा धर्मस्वातंत्र्य अधिनियम २००३ चा. २०२१ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशाने त्यातल्या काही कलमांचा अंमल आंतरधर्मीय विवाहांपुरता रोखला. नुसतं ‘कलम ५’ लिहिलं तर कुठलं ५? मूळ अधिनियमाची एक नोंद, दुरुस्तीनंतरच्या पाठाची दुसरी, आदेशाची तिसरी, आणि तिन्ही ‘रिलेटेड’मध्ये जोडलेल्या. याला पर्याय नाही.

तळटिपांत आणखी एक धोका. एखादी तळटीप तुम्ही हाताने लिहिली तर झोटेरोला ती दिसत नाही. तिच्या पुढच्या तळटिपेत त्याने ‘इबिड’ (म्हणजे ‘वरचाच संदर्भ’) घातलं तर तो निर्देश तुमच्या हाताने लिहिलेल्या निकालाकडे जातो, आणि संदर्भ सरळ खोटा ठरतो. म्हणून एक तर सगळ्या तळटिपा झोटेरोतून घाला, नाहीतर प्रत्येक इबिड डोळ्यांनी तपासा.

मराठी-गुजराती ग्रंथांच्या नोंदी देवनागरीत किंवा गुजरातीत चांगल्या राहतात, फक्त तारखेच्या रकान्यात आकडे इंग्रजी ठेवा. देवनागरी आकड्यांतलं साल झोटेरोला वर्ष म्हणून नीट वाचता येत नाही.

शेवटची अडचण टायपिंगच्या दुकानात येते. बाइंडिंगआधी फाइल तिथे दिली आणि कुणी सगळा मजकूर निवडून जुना, युनिकोड नसलेला फॉन्ट लावला, तर इंग्रजी संदर्भसूचीची अक्षरशः अगम्य रांगोळी होते. फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून सेव्ह केली तर आतले फील्ड कोड (झोटेरोशी जोडणारे दुवे) तुटतात आणि पुढे क्रमांक बदलेनासे होतात. म्हणून दुकानात जाण्याआधी फाइलची कॉपी काढा, त्या कॉपीवरच ‘अनलिंक सायटेशन्स’ दाबा, त्याची पीडीएफ करा आणि छापायला पीडीएफच द्या. अनलिंक एकदा केलं की परत फिरत नाही, तेव्हा मूळ फाइल हात न लावता बाजूला राहू द्या. व्हायवानंतर परीक्षक दोन संदर्भ वाढवायला सांगतात, ते त्याच फाइलमध्ये घालायचे असतात.